काशीची दोरी

शाळेच्या मास्तरकीतून पेन्शनीत निघाल्यावर, १९३१ साली, श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात जाळी ठेवायच्या एका रिकाम्या खोपटात मी लहान पोरं सांभाळायला लागलो. शाळेचं वय न झालेली नऊ-दहा पोरं. आया किनाऱ्यावर मासळी वाळत घालत, तोवर ती माझ्यापाशी.

त्याआधी ही पोरं बांबूंना बांधलेली असत. ज्या बांबूंवर मासळी वाळे, त्यांनाच पोराच्या कमरेची दोरी. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. समुद्र समोरच, हात मासळीत गुंतलेले; पोराकडे कोण बघणार?

काशी साडेतीन वर्षांची. तिची आई सगुणा तिला हौसेनं माझ्यापाशी सोडून गेली, पण आजी मनुबाईला ते पटलं नव्हतं. तिचा थोरला मुलगा रांगता असताना भरतीच्या पाण्यात वाहून गेला होता.

"शनवारपतूर बघते, मास्तर," ती म्हणाली. "पोर रुळली न्हाय तर माझी दोरी हाय न् मी हाय."

कमरेला दोरी नसतानाही काशी दाराच्या खांबापासून चार हातांपलीकडे जाईना. बाकीची पोरं शिंपल्या लहान-मोठ्या लावत, करवंटीनं वाळू मापत. ती बघे, पाऊल उचले आणि हिसका बसल्यासारखी थबके. पहिल्या दिवशी मी तिला हाताला धरून ओढलं. चूक माझीच. ती खांबाला मिठी मारून रडली.

दुसऱ्या दिवशी मी सगुणाकडून तिची दोरी मागून आणली. एक टोक खांबाला बांधलं. दुसरं कमरेला नाही, काशीच्या हातात दिलं. पाच वर्षांच्या नामानं त्या दोरीला आणखी एक तुकडा जोडला.

"आता हिची होडी लांब जाईल," तो म्हणाला.

रोज एक तुकडा वाढला. गुरुवारी काशी शिंपल्यांपर्यंत पोचली. शुक्रवारी खेळता खेळता दोरी तिच्या हातातून सुटली. तिला कळलंही नाही.

रोज सकाळी आम्ही रात्रीची भरती कुठवर आली ते शोधून तिथं शिंपल्यांची रेघ मांडत असू. रेघेपलीकडे एकट्यानं जायचं नाही, एवढा एकच नियम. शनिवारची रेघ मांडायला काशीही होती.

थोड्या वेळानं मनुबाई आली. खांबाशी दोरी पडलेली, पोर नाही.

"मास्तर, पोर कुठं हाय?" तिचा आवाज चिरकला.

तेवढ्यात नामाच्या हातून सुटलेला सुका नारळ उतारावरून पाण्याकडे घरंगळत निघाला. त्याच्यामागे काशी. मनुबाई धावली, तिच्यामागे मी. काशी रेघेपाशी आली आणि थांबली. कुणी हाक मारली नव्हती.

"मास्तर, या ना!" ती वळून ओरडली. "नारळ पल्याड गेला!"

मनुबाई मटकन वाळूत बसली. "थांबली," ती पुटपुटली. "आपली आपण थांबली."

"आजे, हितं थांबायचं," काशीनं तिला रेघ दाखवली. "तू पन."

"मी पन व्हय? साठ वर्सं झाली मला या दर्यावर!"

"तरी पन."

मनुबाईनं पाय रेघेच्या आत ओढून घेतले.

घरी जाताना तिनं दोरी उचलली. आता ती काशीच्या कमरेला बांधणार, असं वाटून मी पुढं झालो. पण ती एकेक गाठ चाचपत नामाकडे वळली.

"ही कसली रं गाठ? कोळ्याचा न्हवं तू?" तिनं दोरी परत त्याच्या हातात दिली. "सोमवारी येते. दावते."