फॉइलचं वजन

धाकटी जाऊ माझ्याच लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं, दोघी एकमेकींना धरून राहाल." धरून कसल्या राहतोय! घरात तिच्या हाताला चव, लॅबमध्ये तिच्या हाताला यश. माझ्या हाताला काय, तर भांडी.

लॅबमध्ये आम्ही बॅटरीच्या ॲनोडसाठी लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी बनवतो. नेहमीच्या ग्रॅफाइटपेक्षा ती कितीतरी जास्त लिथियम पोटात घेते. पण चार्ज करताना फुगते, उतरवताना आकसते, आणि असं करता करता तिचा चुरा होतो. माझी भुकटी भरीव कणांची. तिच्यापायी मी केस पांढरे केले, तरी शेवटी चुराच. धाकटीने आल्या आल्या डोळ्याला न दिसणारे पोकळ गोळे बनवले. फुगायला आत जागाच जागा!

"बडं घर, पोकळ वासा," मी म्हणाले. सगळे हसले. धाकटीही हसली, हे जास्त झोंबलं.

तिचे सेल काही थांबेनात. बटणाएवढे ते सेल मशीनला लावलेले असायचे आणि पडद्यावरची त्यांच्या क्षमतेची रेघ तसूभरही खाली यायची नाही. मी चहाला जाताना बघायचे, येताना बघायचे. एखादा सेल मरू दे, एवढीच इच्छा. होय, जळत होते मी! लॅबमध्ये कायमची जागा एकच निघाली होती, आणि ती कुणाला द्यायची हे सर बैठकीत ठरवणार होते. इतकी वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून बसले होते आणि ही कालची पोर.

बैठकीच्या आदल्या दिवशी मला घबाड सापडलं. भुकटीचा लेप आम्ही तांब्याच्या फॉइलवर देतो आणि त्याच्या चकत्या कापतो. चकतीच्या वजनातून कोऱ्या फॉइलचं वजन वजा केलं की भुकटी किती ते कळतं. कोरी चकती रोज कोण मोजतं? तो आकडा सगळ्यांना तोंडपाठ. मी मात्र दरवेळी मोजते, खोड आहे माझी. मोजली, तर काटा भलतंच वजन दाखवत होता. फॉइलचा रोल बदलला होता, नवी फॉइल जाड होती. आणि धाकटीचे सगळे सेल नव्या रोलचे, आकडा मात्र जुना!

चुकीचं वजन, म्हणजे तिचे सगळे आकडे चुकीचे. त्या दिवशी जेवण मला फार गोड लागलं.

बैठकीत मी आवाजात होती नव्हती तेवढी माया आणून म्हणाले, "अगं, फॉइलचं वजन तपासलंस का? रोल बदललाय." तिचा चेहरा खर्रकन उतरला. सरांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "आत्ताच कर ना हिशेब. फळ्यावर कर, सगळ्यांना दिसेल."

ती उठली. तिने वजाबाकी केली, भागाकार केला, पुसला, पुन्हा केला.

"ताई," ती म्हणाली, "आकडा वाढतोय."

फॉइल जड, म्हणजे तिच्यावरची भुकटी धरली होती त्याहून कमी. कमी भुकटीने तेवढीच वीज साठवली, म्हणजे ग्रॅममागचा आकडा वर. शाळेतल्या मुलाला कळेल असा हिशेब. आनंदाच्या भरात मी तो केलाच नव्हता. दरवेळी फॉइल मोजणारी मी!

"आठशेचे नऊशे झाले की!" सर खुर्चीतून उठलेच. जागा कुणाची, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी धाकटीने सासूबाईंना सगळं सांगितलं, अगदी रंगवून. "ताईंनी चूक पकडली नसती तर माझे आकडे कमीच राहिले असते. स्वतःला ती जागा हवी असूनसुद्धा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आई."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "एवढं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी ताट उचललं आणि भांडी घासायला गेले. मागोमाग धाकटी आली. "ताई, आज राहू द्या, मी घासते," म्हणाली आणि माझ्या हातातलं ताटही तिने घेतलं.