टोपऱ्याच्या आतला तुकडा

जरा जवळ सरका. लांबून दिसायचं नाही, इतकं लहान आहे ते... रुक्मिणीबाईच्या मुठीत सबंध मावलेलं, तान्ह्या बाळाचं टोपरं, चिंध्या जोडून शिवलेलं. बसा असे. हातात काही निवडाटिपायचं असेल तर चालू द्या, गोष्टीला कान पुरतात. एका आईच्या एका दिवसाची ही गोष्ट; आणि दिवसही कसला, मार्गशीर्ष सरत आलेला, कापूस वेचणीतला, ब्राह्मणपुरी गावात कोणाच्याही ओसरीवर उतरावा तसा.

पेटी उघडली होती काजळाच्या डबीसाठी. डबी राहिली बाजूला आणि बोटं अडकली टोपऱ्यात. चार तुकडे बाहेरून, धुऊन धुऊन एकाच रंगाचे झालेले, कोणता कोणाच्या घरचा ते आता तिलाही सांगता आलं नसतं. आणि पाचवा आतून, बाळाच्या टाळूवर येईल असा, तांबडा. अजून तांबडा. उन्हानं त्याला कधी पाहिलंच नाही... तिनंच लपवला होता तो.

आधीची तीन लेकरं पाळण्यातूनच गेली. चौथी झाली तेव्हा नवऱ्याच्या, हिंमतरावांच्या आत्यानं, पुतळाफुईनं, पदर पसरला आणि पाच घरं मागितली. "एक चिंधी वाढ वं माय, पोर जगाडनी शे." मागून आणलेल्या कपड्यातलं लेकरू आपलं नसतं, भिकेचं असतं, त्याच्याकडे ना माणसाची नजर जाते ना सटवाईची. म्हणून नाव भिकू. चार घरांनी रीतीप्रमाणे विटकं, फाटकं दिलं. पाचवी छबूबाई, देवळाचं आंगण झाडणारी, एकटी. तिनं अंगावरच्या लुगड्याचा पदरच फाडला, तांबडाभडक.

"नवं नको वं," फुई चिडली, "नवाले नजर लागस."

"पोर नवी शे ना, फुई? मंग नवंच देस मी."

फुई घरभर बडबडत राहिली, आणि रुक्मिणीबाईनं तो तुकडा आतून शिवला. कोणाला दिसू नये म्हणून.

नंतर सगळं तसंच शिवत गेली ती, आतून. भिकू चार वर्षांची असताना मांडीवर पेंगत कीर्तन ऐकून आली आणि दुसऱ्या दिवशी जात्यापाशी बसून सबंध कीर्तन म्हणाली, पूर्वरंगापासून आरतीपर्यंत, बुवांचा खोकलासुद्धा जिथल्या तिथे. रुक्मिणीबाईनं पिठाचा हात तिच्या तोंडावर दाबला होता. पीठ नाकात जाऊन पोर शिंकली, दोघी हसल्या... पण हात तेव्हापासून तिथेच राहिला म्हणायचा. शाळेत गप्प, पाणवठ्यावर गप्प, देवळात आईच्या पाठीआड. कोणी म्हणालं, पोर हुशार दिसते, की ही लगेच म्हणायची, कुठली, येडीच आहे.

आणि काल तेच शब्द बुवांपुढे निघाले. सप्ताहाचे बुवा जेवायला आले होते; भिकू ताकाचा तांब्या आणताना गुणगुणली, आदल्या रात्रीचंच आख्यान, आणि बुवांचा घास हातात थांबला. त्यांनी तिच्याकडून दोन कडवी म्हणून घेतली, मग चार. मग म्हणाले, "उद्या मी उभा राहण्याआधी हिला घटकाभर उभी करा. पण आईचा होकार असेल तरच."

"तिले काय येस महाराज. येडी शे ती."

भिकूनं तांब्या ठेवला आणि आत गेली. रुसली नाही, रडली नाही. कपाळावरची माशी उडवावी तसं ते वाक्य तिनं उडवलं — सवय असल्यासारखं. तेच रात्रभर रुक्मिणीबाईला टोचत राहिलं.

हिंमतराव सकाळी बैल सोडताना एवढंच बोलले, "तू सांगशी तसं, भिकूनी माय. पण सांजलोंग सांग. बुवा इचारतीन."

सांजेपर्यंत. हो म्हणायचं की नाही. हो म्हटलं तर सगळ्या गावापुढे, समईच्या उजेडात ती पोर उभी... आणि उजेड म्हटलं की तिला परत ती तबकडी दिसली.

सारंगखेड्याच्या जत्रेतली ती गंमत अजून गावात चघळली जात होती. तंबूतल्या सिनेमाच्या फळीवर तीन लेकरं रंगवलेली, डोळ्यांतून किरणं निघालेली, डोक्यामागे मोठी गोल लखलखीत तबकडी — प्रभावळ नाही तर दुसरं काय? देवादिकांचंच चित्र असणार म्हणून बायांनी तंबूबाहेर चपला काढल्या, फुईनं नारळ घेतला. आत बघतात तो कोट घातलेला एक शास्त्रज्ञ बाप, बंगला, आणि त्याची जगावेगळी लेकरं: एक नुसत्या नजरेनं भांडी हलवतो, एकीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, धाकटीला दुसऱ्याच्या मनातलं कळतं. आई म्हणजे भिंतीवरची हार घातलेली तसबीर. आणि तो बाप सारखा पडदे ओढत, खिडक्या लावत फिरत होता, लेकरं कोणाला दिसू नयेत म्हणून.

अंधारात हिंमतराव तिच्या कानाशी लागले होते, "भिकूनी माय, हाऊ ते तुन्हा भाऊच शे."

ती हसलीही होती. पण मग आभाळातून ती प्रभावळ खाली उतरली, ती तबकडी, तिला दार फुटलं, पायऱ्या आल्या, आणि तिन्ही लेकरं उजेडाकडे बघत चढू लागली... रुक्मिणीबाई उठलीच. भिकूचं मनगट धरलं आणि लोकांच्या गुडघ्यांवरून बाहेर. आरतीआधी कीर्तनातून ती जन्मात उठली नव्हती. पण यांची आरती कसली होणार होती? बाहेर चपलांच्या ढिगाऱ्यात तिच्या चपला सापडल्या नाहीत. "त्या बी तबकडीमा गयात," हिंमतराव म्हणाले. फुईनं नारळ तसाच घरी आणून चटणीला फोडला.

शेवट काय झाला, तिनं कोणाला विचारलं नाही. गेली असतील का ती? ज्यांचं वेगळेपण बाहेर फुटतं त्यांना कोणीतरी न्यायला येतंच... हे तिला सिनेमानं शिकवायला नको होतं. तीन पाळण्यांनी शिकवलं होतं.

टोपरं कमरेला खोचून ती उठली. भाकरी थापल्या, टोपली भरली, शेताकडे निघाली. गोमाईच्या काठानं ऊन कोवळं होतं, कापूस असा फुटला होता की सबंध शिवार दह्यासारखं लागलं होतं. आणि काळजी उराशी असूनही तिला बरं वाटत होतं — या वाटेवर तिला बरंच वाटायचं, पाय आपोआप बुवांच्या ठेक्यावर पडायचे. परवा बुवांनी यशोदा लावली होती. माती खाल्लीस का, तोंड उघड, म्हणाली, त्यानं उघडलं, आत सगळं ब्रह्मांड. आणि मग देवानं तिला ते विसरायला लावलं, बुवा म्हणाले, नाहीतर ती त्याला लोणी कशी भरवणार? तेव्हा रुक्मिणीबाईला आपण यशोदेच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं होतं.

बांधापाशी ती थांबली. तुरीच्या आडून आवाज येत होता, सकाळीच वेचणीला आलेल्या तिच्या पोरीचा. वेचणाऱ्या बाया सावलीत पाय पसरून बसल्या होत्या, वाहरू सालदाराची बायको पुढेच. आणि भिकू कापसाच्या गाठोड्यावर उभी, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात विळा, तांब्यावर ताल धरून — सिनेमा सांगत होती. कीर्तनासारखा. आधी नमन, मग पायऱ्या, उजेड, चढणारी लेकरं...

ओरडायला रुक्मिणीबाईनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पुढचं कानावर आलं.

"...तितलामा खालथून माय उनी. हात पिठना. तिनी चांगलं नाव लिधंच नही. तिनी हाक मारी, ये वं भिकारडी, भाकर थंडी व्हयनी."

बाया हसल्या. भिकूनं ताल थांबवला.

"धाकली त्या उजेडले बोलनी, थांब जराशी, मन्ही माय बलावस. मंग तिन्ही खाले उतरनात. जेवनात. अन् जेवीसन आंगनमा सगळासले दाखाडं, आम्हले काय काय येस ते."

"अन् ती तबकडी वं?" वाहरूच्या बायकोनं विचारलं.

"ती? बठनी ना तठेच. तिले बी आयकनं व्हतं."

टोपली डोक्यावर, हात टोपलीला, रुक्मिणीबाई उभीच. त्या सिनेमात आई नव्हती. तसबीर होती नुसती. पिठाच्या हातांची ती बाई तिथे कोणी नव्हती... मग हे पाठ केलेलं नव्हतं. इतकी वर्षं ती एका पाठांतराला झाकत आली होती, आणि आत हे निराळंच काही वाढत होतं — आणि त्यात आपण होतो. पिठाच्या हातासकट. तोंडावर दाबलेला तोच हात पोरीनं कुठे नेऊन ठेवला होता!

यशोदा म्हणाली, तोंड उघड. आणि मी...

पुढे काय झालं तर काही नाही. भाकरी वाटल्या गेल्या, कोणीतरी ठेच्याला तिखट म्हणालं, वाहरूच्या बायकोनं भिकूच्या हातावर कांदा ठेवला, जणू बुवांना बिदागी. त्या बायका तिच्या पोरीकडे बघत होत्या, पोटभर, टक लावून. आणि रुक्मिणीबाईला पहिल्यांदाच वाटलं की नजर अशीही असते. जिनं पदर फाडून दिला तिची नजर कशी होती? आठवलं: छबूबाई बाळाकडे अशीच बघत होती. पाच घरचं मागून आणलेलं लेकरू. मागून आणलं ते खरं, पण देणाऱ्यांना ते कधी दाखवलंच नाही.

सांजेला मंडपात बत्ती लागली तेव्हा ती भिकूची वेणी घालत होती. काजळाची डबी उघडली. पोरीनं सवयीनं कान पुढे केला, मागे तीट लावून घ्यायला.

"माय, मी येडी शे का?"

तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"नही," रुक्मिणीबाई म्हणाली.

एवढंच. नऊ वर्षांत हा शब्द तिनं पोरीला दिला नव्हता. तीट लागली, पण या खेपेला गालावर, उजेडात दिसेल अशी.

बायकांच्या बाजूला जागा धरून ती बसली. टाळ जुळत होते. बुवांनी वीणा गळ्यात घातली आणि बायकांकडे पाहिलं, तिच्याकडेच, उत्तरासाठी. भिकू पाठीआड नव्हती, शेजारी होती. रुक्मिणीबाईचा हात कमरेला गेला. टोपरं चाचपताना तिनं ते उलटं केलं, तांबडा तुकडा बाहेर, आणि मुठीत धरलं. भीती होतीच. पण ती आता पोरीभोवती नव्हती. आपल्या मुठीत, त्या टोपऱ्याइतकी, मावत होती. आभाळातून कोणी उतरायचं असेल तर उतरू दे, तिला वाटलं, सतरंजीवर जागा आहे, बसून ऐकू दे त्यालाही... बुवा अजून बघत होते.

तुम्ही इतका वेळ जवळ बसलात, तर एक मागणं आहे. कुठे कोवळ्या गळ्यातून काही अवचित चांगलं ऐकलंत, तर त्या छबूबाईची आठवण काढा. जुनं द्यायची रीत असताना नवं फाडून देणारी ती एकटी होती, आणि तो तुकडा बाहेर आला तो बघायला ती राहिली नव्हती.