धोंड्याची ओळ

राजमहंमद अजूनही नोटपॅडमध्येच लिहितो. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, बाकी नखरे नाहीत. यंदा अधिक महिना, म्हणून पुढच्या जत्रांच्या तारखा तपासायला तो आमच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि मला एक्याण्णव साल आठवलं.

तेव्हा त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर होता, मुंबईच्या मामाने वापरून दिलेला. लोक बघायला येत आणि यात सिनेमा दिसत नाही म्हणून निराश होऊन जात. लिहायची सोय एवढीच, की आधी आकडा टाकायचा, मग ओळ. दहा, वीस, तीस. मध्ये काही सुचलं की पंधरा आकडा टाकायचा, ओळ आपोआप जागेवर जाऊन बसायची. मी शेजारी बसून आ वासून बघायचो. आमच्या गावात एवढा हुशार माणूस दुसरा झाला नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

त्याचे वडील मात्र वैतागले होते. ओतूरचं सायकलचं दुकान सोडून पोरगा बटणं दाबत बसतो. पाडव्यापर्यंत मशीनने एक तरी कामाची गोष्ट करून दाखवावी, नाहीतर विकून टाकीन, असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून राजमहंमदने चंद्राच्या गतीवरून आमच्या जत्रेच्या, म्हणजे वैशाखी पौर्णिमेच्या, पाच वर्षांच्या तारखा काढल्या. मी त्या कागदावर उतरवून देवळात चिकटवल्या. पाडव्याला नारायणगावात तमाशा ठरवायला जायचं होतं. मशीन सांगतंय म्हटल्यावर पंचांग कोण उघडतो? पंचांनी अठ्ठावीस एप्रिल पक्की केली.

माझ्या आईला, ठकूबाईला, वाचता येत नव्हतं. मी तारखा वाचून दाखवल्या तर म्हणाली, धोंडा कुठे गेला? धोंडा म्हणजे अधिक महिना. त्या वर्षी वैशाख दोन होते आणि जत्रा दुसऱ्यात, महिनाभर पुढे. गावातल्या बाप्यांना धोंडा आठवतो तो फक्त जावयाच्या ताटात. राजमहंमदला तरी काय बोलणार? त्याच्या घरी चांद दिसला की महिना लागतो, जादाचा महिना कधी येतच नाही.

मी आईला घेऊन त्याच्या घरी गेलो. ऐकून त्याचा चेहरा पडला. पण लगेच त्याने तिलाच विचारलं, काकी, धोंडा कधी येणार हे ओळखायचं कसं? पोथी ऐकून ऐकून तिला पाठ होतं. ज्या महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो धोंडा. त्याने एकशे पंचेचाळीस आकडा टाकला आणि तिच्यासमोर ओळ लिहिली.

मी म्हटलं, कागद गुपचूप बदलू. तो ऐकेना. पाडव्याच्या आदल्या दिवशी भरल्या देवळात उभा राहिला.

"तारीख चुकली. चूक माझी व्हती, मशीनची न्हाई. ठकूकाकींनी काढली."

लोक पोट धरून हसले. त्याचे वडील मान खाली घालून निघून गेले. मला त्या लोकांचा असा राग आला होता, की अजून तो गेलेला नाही.

पाडव्याला सकाळी त्याचे वडील आमच्या दारात उभे. मशीनला गिऱ्हाईक मिळालं, असंच मला वाटलं. ते आईला म्हणाले, "वहिनी, चुकतंय तर ठिवायचं कशाला? इकू का?"

आई गुढीला गाठी बांधत होती.

"ठिवा भाऊ. चूक सांगितली तर ऐकतंय. माझ्या घरात असं एक बी न्हाई."

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी, दोघेही गुढीची काठी धरून उभे होतो. मशीन राहिलं.