हिंदमातापर्यंतचं चालणं

हनुवटीवरचा कापसाचा बोळा अजून ओलाच होता — दाढी करताना एवढंसं तर कापलं होतं, पण रक्त पातळ करायची गोळी सुरू झाल्यापासून रक्ताला थांबायची घाईच उरली नव्हती... बुद्धभूषणने तो आणखी दाबून धरला. मांडीतली बंद पडलेली रक्तवाहिनी उघडल्याला तीन महिने झाले होते. पाय वाचला होता. चालताना पोटरीचं दुखणं मात्र राहिलं होतं. "दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला," डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, "आणि मला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही."

तरी परवा तो औषधाच्या दुकानात गेलाच होता.

"काका, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ही मी नाही देणार," दुकानातला निलेश म्हणाला होता. "पोटात रक्तस्राव होईल."

चारचौघांत म्हणाला — पालिकेत तीस वर्षं पुलांचे नकाशे काढलेल्या माणसाला...

दहा वाजता राधा चपला घालून दारात उभी राहिली, रोजच्यासारखी. नायगावच्या घरापासून हिंदमातापर्यंत. साड्यांच्या दुकानांची रांग लागली की त्याला हायसं वाटायचं — पोटरी आवळली की काचेसमोर उभं राहायचं, साड्या बघतोय असं दाखवायचं, कळ ओसरली की निघायचं. बायकोला काय कळणार, असा त्याचा समज होता. आज दुसऱ्याच दुकानाशी पीळ पडायला लागला आणि तो थांबणार, त्याच्या आधी राधाच थांबली.

"हा मोरपिशी बघा जरा."

मोरपिशी? आयुष्यात हिने हा रंग नेसलेला नाही... त्याने तिच्याकडे पाहिलं. ती साडीकडे बघतच नव्हती. त्याच्या पायाकडे बघत होती. म्हणजे काल, परवा, इतके दिवस — मी थांबत होतो, की ही मला थांबवत होती?

"निलेशकडे दुखण्याची गोळी मागितली होती मी," तो म्हणाला. "दिली नाही त्याने."

"भलं होवो त्याचं." राधाने पायावरची नजर वर उचलली. "एवढं दुखतं, तर मला सांगायचं ना."

निलेशवरचा राग त्याने आत शोधून पाहिला, तर तो जागेवर नव्हताच. त्या पोराने नाही म्हटलं, म्हणून तर मी इथे उभा आहे — दुखऱ्या का होईना, पण स्वतःच्या पायांवर, हिच्याशेजारी...

कळ ओसरली. दोघं निघाली. पोटरी पुन्हा आवळणार होती, कदाचित पुढच्या सिग्नललाच. पण नेहमीसारखी त्याची नजर पुढची काच शोधत गेली नाही. दुखेल तेव्हा म्हणावं, राधा, दुखतंय... जमेल का? जमेल बहुधा.