लिबदीपिका

विनीतदादाने माझा प्रोग्राम पणजीला नेला आणि माझं नाव घरी ठेवलं. हे मला कुणा माणसाने नाही, तिथल्या कॉम्प्युटरने सांगितलं.

मालवणातल्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी मी तो सी भाषेत लिहिला होता. टाकीतलं तापमान चढलं की मालकाच्या मोबाइलवर निरोप जातो. पणजीतल्या कंपनीला तो बघायचा होता. पसंत पडला तर लिहिणाऱ्याला नोकरी. मी बॅग भरली, तर आई म्हणाली, "आधी दादाक बघून येवंदे, कंपनी कसली ती." दादाही कॉम्प्युटर शिकलेला, पण घरीच बसलेला. पेनड्राइव्ह खिशात घालून गेला.

दुपारी त्याचा फोन. "दीपा, चलना नाय गो. एरर इलो."

"वाच."

त्याने अडखळत वाचलं. 'लिबदीपिका' नावाची लायब्ररी सापडत नाही.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. मोजमापाचा सगळा कोड मी एका वेगळ्या फाइलीत ठेवला होता; प्रोग्राम सुरू होताना ती शोधतो. अशा फाइलीच्या नावाआधी 'लिब' लावायची रीत आहे. पुढे मी हौसेने माझं नाव लावलं. दादाने नुसता प्रोग्राम नेला आणि ती फाइल राहिली इथे आमच्या कट्टा गावात, माझ्या लॅपटॉपवर.

तेवढ्यात फोनमधून कुणा साहेबांचा आवाज आला, "दीपिका कोण?"

"माझी बहीण, सर. लाडाने तिचं नाव दिलंय मी."

मी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दादा बाहेर आला असावा, कुजबुजत बोलायला लागला. "नवीन करून धाड. आणि तुजा नाव खंयच दिसाक नको."

"नोकरी माजी आसा, दादा."

"तुजा लगीन होतला. माका कोण विचारता?"

आई शेजारीच होती. "दी गो करून. भावाची लाज जातली थंय."

"आणि माजी?"

"तुजी घरात आसा."

फोन ठेवून दिला असता तर तो तिथेच उघडा पडला असता. मला तेच हवं होतं. पण आई रडायला लागली आणि मी हरले.

लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घालता येते. मग बाहेर काही शोधावं लागत नाही, नाव विचारलं जात नाही. रागाच्या भरात मी कमांडमध्ये आधी माझी लायब्ररी लिहिली, मग प्रोग्राम. तुकडे जोडणाऱ्या लिंकरने साफ नकार दिला: फंक्शनांचा पत्ता नाही. चूक अगदी नवशिक्याची. लिंकर डावीकडून वाचत जातो; आधी कुणी मागितलं नसेल तर लायब्ररीतलं काही उचलत नाही. माझं नाव काढून मागे टाकलं. लगेच जुळलं. त्या ओळीचा इतका संताप आला की लॅपटॉप आपटावासा वाटला. पण फाइल धाडली.

संध्याकाळी दादा पणजीहून थरांचा गोड बेबिंका घेऊन आला. नोकरी लागली होती. आईने आधी देवापुढे ठेवला, मग माझ्या हातावर तुकडा दिला.

"सोमवारपासून जातलंय," दादा म्हणाला. "थंय काय अडला तर फोन उचल हां गो."

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "उचलतली रे. ती खंय जातली?"