चोवीस मीटरचा पूल

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बांधकाम कार्यालयातल्या सूचना फलकासमोर एका निवृत्त भूगोल शिक्षिकेने पर्समधून सहा इंची पट्टी काढली, नकाशावरच्या पुलाला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा पूल चौतीस मीटरचा कधी झाला?"

नकाशा काढणारी तिची भाची दोन टेबलं सोडून बसली होती. ती घाईघाईने उठून आली.

"आत्या, हळू. ऑफिस आहे हे."

"म्हणूनच विचारते. पूल ऑफिसनेच वाढवला असणार. मी एकतीस वर्षं तो सातवीच्या पोरांकडून मोजून घेतला. दरवर्षी चोवीस मीटर. टेपचं दुसरं टोक एकदा तूही धरलंयस."

फलकावरचा नकाशा ओढ्याकाठच्या नव्या प्राथमिक शाळेचा होता. नियमाप्रमाणे शाळा ओढ्यापासून निदान शंभर मीटर लांब हवी. नकाशावर ती एकशे दहा मीटरवर होती. पायाचे खड्डे खणून तयार होते. काँक्रीट बुधवारी सकाळी आठला पडणार होतं.

भाचीने पट्टी हातात घेतली. नकाशाच्या कोपऱ्यात तिनेच छापलेलं प्रमाण होतं, एकास हजार. म्हणजे मिलिमीटरला मीटर. पूल चौतीस मिलिमीटर भरत होता. आणि तिला गुरुवारची दुपार आठवली. शाळेची जागा ठरवायच्या बैठकीसाठी उपअभियंता साहेबांनी नकाशा मोठा करून मागितला होता. तिने झेरॉक्स मशीनवर एकशे एकेचाळीस टक्के दाबलं, छोट्या कागदाचा मोठा कागद झाला. रेषा वाढल्या, अंतरं वाढली. कोपऱ्यातला आकडा मात्र होता तसाच राहिला.

"रेषाप्रमाण का नाही काढलंस?" आत्याने विचारलं. आवाज आता हळू झाला होता.

रेषाप्रमाण म्हणजे नकाशाखाली काढलेली ती खुणांची पट्टी. कागद मोठा करा, लहान करा, ती त्याच्याबरोबर वाढते नि आक्रसते, त्यामुळे खोटं बोलू शकत नाही. भाचीने ते गाळलं होतं, कारण ते तिला शाळकरी वाटायचं. हे तिने आत्याला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन ये," आत्या म्हणाली. "कागदाचं भांडण कागदावर मिटत नाही."

गावात या बाईंना 'उताराच्या बाई' म्हणत. कुठेही गेल्या तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. लग्नाच्या मांडवातही विचारत. भाचीला लहानपणी त्याची लाज वाटायची. त्या दुपारी ती आत्याच्या दोन पावलं मागे चालत होती आणि पहिल्यांदाच बघत होती की ही बाई जमीन कशी बघते.

आत्या आधी खड्ड्यात उतरली. साडीचा घोळ एका हातात, दुसऱ्या हातात मातीचं ढेकूळ. कडेच्या भिंतीत वरून खाली बोट फिरवलं. "ही बघ, वाळू, गाळ, परत वाळू. प्रत्येक थर म्हणजे ओढ्याची एक फेरी." कुंपणापलीकडे ओल्या जमिनीत येणारे लव्हाळे उगवले होते. त्यांच्याकडे तिने नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी.

मग ती गल्लीकडे वळली आणि घरांच्या पायऱ्या मोजायला लागली. ओढ्याजवळच्या घरांना पाच. पुढे चार. खड्ड्यांच्या समोरच्या लाँड्रीला तीन. रस्त्याच्या टोकाला एक.

"पाच, चार, तीन, एक," ती म्हणाली. "पुस्तकात आम्ही याचे दोन भाग करतो, प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल. पोरांना वाटतं, दोन वेगळे विषय. ओढा किती चढतो हा पहिला भाग. माणसाने पायरी किती उंच बांधली हा दुसरा. आणि इथे बघ, दोन्ही एकाच दगडावर बसलेत."

लाँड्रीवाली इस्त्री टेकवून बाहेर आली. "बाई, तुम्ही? मी तुमच्या वर्गात दोनदा नापास झाले."

"भूगोलात?"

"गणितात. भूगोलात पस्तीस पडायचे."

"मग सांग, पाणी कुठवर आलं होतं?"

"या दुसऱ्या पायरीवर. अंगणात ठेवलेलं आमचं मशीन गेलं त्या वर्षी. त्याआधी सासऱ्यांच्या वेळी एकदा. शाळेसाठी कुणी विचारायला येईल म्हणून मी वाटच बघत होते. कुणी फिरकलं नाही."

भाचीने मान खाली घातली. नकाशावर लाँड्री होती. एक चौकोन. त्याला पायऱ्या नव्हत्या.

मध्ये दोन कुंपणं आणि कपड्यांच्या दोऱ्या होत्या, म्हणून आजवर टेप कुणी ताणलीच नव्हती. लाँड्रीवालीने दोऱ्या वर उचलून धरल्या. आत्या काठावर शून्य धरून उभी राहिली, भाची टेप सोडत खड्ड्यापर्यंत गेली. अठ्ठ्याहत्तर मीटर. परत मोजलं. अठ्ठ्याहत्तर.

साडेतीनला दोघी उपअभियंत्यांच्या खोलीत होत्या. भाचीची नोकरी कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर, डाव्या हाताच्या ढिगात होता. तिला तो दिसत होता.

"बाई, एवढा बारीक ओढा," साहेब हसत म्हणाले. "तो काय शाळेत शिकायला येणार आहे?"

"येईल. प्रवेश न घेता येईल आणि पहिल्या बाकावर बसेल."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी भाचीकडे बघितलं. "नकाशावर सही तुमची आहे. मी तुमच्या आकड्यावर पट्टी लावली. खड्डे खणून झालेत. आता चूक कुणाची म्हणून लिहू?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिने एकदाही मदतीला तोंड उघडलं नाही. पुढे अनेक दिवस भाचीला त्या गप्प राहण्याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटत राहिलं.

"मी लिहिते," ती म्हणाली.

टिपण अकरा ओळींचं झालं. नकाशा मोठा केला, प्रमाण बदललं नाही, रेषाप्रमाण काढलं नव्हतं, चूक माझी. प्रत्यक्ष अंतर अठ्ठ्याहत्तर मीटर. लाँड्रीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पुराचं पाणी आल्याची माहिती. जागा बदलेपर्यंत काम थांबवावं. सोबत नवा नकाशा, खाली रेषाप्रमाण, आणि पहिल्यांदाच प्रत्येक घरापुढे पायऱ्यांची संख्या.

आत्याने नकाशा दूर धरून वाचला. पट्टी काढली, पुलाला लावली.

"चोवीस," ती म्हणाली आणि पट्टी पर्समध्ये टाकली. एकतीस वर्षांत वर्गात कुणाला याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती.

साहेबांनी टिपणावर 'वरिष्ठांच्या आदेशार्थ' असं लिहून ते मंगळवारी सकाळी मुख्य अभियंत्यांकडे पाठवलं. काम थांबवा, असं त्यांनी स्वतः लिहिलं नाही. करा, असंही नाही.

बुधवारी आठ वाजता काँक्रीटचा मिक्सर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. भाची फाटकात उभी होती, हातात टिपणाची प्रत. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, दोन तासांत ओतलं नाही तर हे सगळं फुकट जाणार. मग माझ्या नावाने ओरडू नका." आत्या लाँड्रीच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. लाँड्रीवालीने तिला उशी आणून दिली.

नऊ चाळीसला मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयातून भाचीला फोन आला. टिपण वाचलं आहे, मुख्य साहेब स्वतः जागा बघायला निघतील, कधी ते कळवू. ओतायचं की नाही, यावर पलीकडचा माणूस म्हणाला, लेखी येईल.

नऊ अठ्ठावन्नपर्यंत लेखी काही आलेलं नव्हतं. मिक्सर फिरत होता, आणि भाची फाटकातून हलली नव्हती.