दिसलं म्हणणाऱ्यांची रांग

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका शाळेच्या कपाटात, फाटक्या नकाशांच्या आणि पाय तुटलेल्या सांगाड्याच्या शेजारी उभा असतो. माझी गोष्ट ऐकायला बसलात खरे, पण आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट आनंदाची नाही. हसू येईल अशा काही जागा तिच्यात आहेत. त्या आल्या की हसून घ्या, पुढे फारसा वाव मिळणार नाही.

तुम्ही माझ्यातून वाकून पाहता तेव्हा तुम्हाला बारीक वस्तू मोठी दिसते. मला मात्र खालून फक्त एक डोळा दिसतो. त्यामुळे मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, डोळ्याने ओळखतो. कंटाळलेला डोळा मला लगेच कळतो आणि न दिसताच दिसल्याचे सोंग करणारा डोळा तर त्याहून आधी कळतो. असले डोळे मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, राहत्या घराची पुढची खोली. कारागीर तिथे पितळेची नळी घासायचा, भिंगे बसवायचा आणि मागच्या खोलीत त्याची बायको स्वयंपाक करायची. मी पुरा झालो त्या दिवशी त्याने काचेच्या पट्टीवर मिठाचे दाणे टाकले, माझा आरसा खिडकीकडे वळवला आणि बायकोला हाक मारली.

“जरा इकडे ये गं. मीठ बघ.”

“मीठ काय बघायचंय? रोज हाताने टाकते मी. भाजी करपतेय तिकडे!”

“एकदाच बघ.”

ती हात पुसत आली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. “अगंबाई, हे तर सगळे चौकोनी आहेत! कुणी कापून ठेवले इतके नीट?”

भाजी करपली ती करपलीच. दोघांनी ती हसत हसत खाल्ली. मला वाटले, आपण जिथे जाऊ तिथे माणसे अशीच वाकतील आणि अशीच चकित होतील. किती भोळा होतो मी!

शाळेत मला मोठ्या सरांच्या ताब्यात दिले. ते मुख्याध्यापक होते आणि विज्ञानही तेच शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. कधी रजा घ्यायचे नाहीत, कधी कुणावर हात उगारायचे नाहीत. पण मला ते भ्यायचे. महागाची वस्तू, काही मोडले तर उत्तर कोण देणार? म्हणून त्यांनी मला कुलपात ठेवले. वर्षातून एकदा, सूक्ष्मजीवांचा धडा आला की शिपाईमामा मला बाहेर काढायचे. मामा मला शेवटपर्यंत दुर्बीणच म्हणत राहिले.

त्या दिवशीची पद्धत ठरलेली होती. मुलांनी हात मागे बांधून रांगेत यायचे, एक डोळा मिटायचा, वाकायचे, “दिसलं, सर” म्हणायचे आणि पुढे व्हायचे. मला हात लावायचा नाही. रांग वर्गातून पार व्हरांड्यात जायची आणि तास संपायच्या आत ती संपलीच पाहिजे, असा सरांचा दंडक होता.

आता हसायची जागा आली आहे. मला पेटीत ठेवताना माझा आरसा खाली वळवून ठेवतात. बाहेर काढले की तो उजेडाकडे फिरवावा लागतो. तो कुणी फिरवलाच नाही! माझ्यातून काळोखाशिवाय काहीही दिसत नव्हते. पहिल्या मुलाने काळोख पाहिला आणि म्हणाला, “दिसलं, सर.” दुसऱ्याला वाटले, याला दिसले म्हणजे आपलाच डोळा कमजोर. तोही म्हणाला, “दिसलं.” मग काय, सगळ्यांनाच दिसले. वर्षामागून वर्षे अख्खी शाळा माझ्यातला काळोख पाहून पुढे सरकत राहिली. मोठे सर स्वतः सर्वांत आधी वाकायचे आणि म्हणायचे, “छान दिसतंय. या.” त्यांच्या डोळ्यात मला लबाडी दिसली नाही. लहानपणी तेही अशाच एखाद्या रांगेतून पुढे सरकले असणार.

मग एका वर्षी रांग अडली. एक डोळा माझ्यावर टेकला तो हलेचना. पापणीवर रांजणवाडी झालेली, डोळा लाल, पण टक लावून पाहणारा. ती शिंप्याची मुलगी होती.

“दिसलं नाही, सर.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. काळं आहे सगळं.”

मागून कुणीतरी ओरडले, “ए, हो ना पुढे! खोळंबा नुसता!” वर्गात हशा पिकला आणि त्या क्षणापासून तिचे नाव खोळंबा पडले. सर म्हणाले, “डोळा बरा नाही तुझा. बरा झाला की बघ हं.” आणि त्यांनी तिला पुढे केले. पुढे जाता जाता ती पुटपुटली, “दुसऱ्या डोळ्यानेपण काळंच दिसलं.”

हे पुटपुटणे एका बाईंनी ऐकले. त्या नुकत्याच शाळेत रुजू झाल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. वर्ग रिकामा झाल्यावर त्या आत आल्या, वाकल्या, माझा आरसा चाचपला आणि बाकावर बसून एकट्याच हसू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचे हसू आपोआप थांबले. त्यांनी खोळंबाला बोलावून आणले, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि आरसा तिलाच फिरवायला लावला.

“बाई, पळतोय तो!”

“कोण पळतोय?”

“मला काय माहीत कोण! पण पळतोय बघा, पळतोय!”

मित्रांनो, कारागिराच्या घरानंतर माझ्यातून कुणी खरोखर पाहिले असेल तर ते त्या दिवशी.

पुढचे वर्षभर मोठ्या सरांनी विज्ञानाचा तास बाईंकडे सोपवला. माझे आयुष्य म्हणावे असे तेवढेच एक वर्ष. बाईंनी मला खिडकीच्या कट्ट्यावर मांडले आणि कुलूप काढून टाकले. मुले काय काय आणू लागली! गटाराचे पाणी, माशीचा पंख, साखर, नखाखालचा मळ. खोळंबाने वडिलांच्या यंत्राखालचे चिंधीचे तुकडे आणले, तेव्हा गुळगुळीत दिसणारे कापड चटईसारखे विणलेले असते हे सगळ्या वर्गाने पाहिले. एकाने डोक्यातली ऊ आणली आणि ती कुणाच्या डोक्यातली यावरून मारामारी झाली. वर्गात गोंगाट असायचा, माझ्या नळीला बोटांचे तेलकट डाग पडायचे, काचपट्टी धरणारी माझी एक पकडही वाकली. मला त्याचे काहीच वाटले नाही. बाईंचा एकच नियम होता. दिसले तेवढेच काढायचे आणि नसेल दिसले तर चित्राखाली तसे लिहायचे.

या नियमानेच घात केला.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. या परीक्षेवर पुढच्या तुकड्या ठरायच्या आणि विज्ञान घेऊन पुढे शिकायचे तर ‘अ’ तुकडीच लागायची. खोळंबाला तेच हवे होते. घरी कापड कापताना ती वडिलांना म्हणायची म्हणे, “मी मोठी झाले की दिवसभर तेच करणार, बघत बसणार.”

कांद्याचा पापुद्रा पाहून चित्र काढायचे होते. पुस्तकात प्रत्येक पेशीच्या मध्ये एक ठळक ठिपका छापलेला असतो. त्याला केंद्रक म्हणतात. पण पापुद्र्याला रंग दिला नाही तर तो ठिपका दिसणे कठीण, आणि शाळेतली रंगाची बाटली परीक्षेच्या आधीच सुकून खडखडीत झाली होती. इतर शाळांतली मुले पुस्तकातले चित्र पाठ करून जातात. आमच्या वर्गाने दिसले ते काढले. ठिपका कुणाच्याच चित्रात नव्हता. वर खोळंबाने काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा इमानाने काढून ठेवला.

“केंद्रक कुठाय?” परीक्षकांनी विचारले.

“दिसलं नाही, सर.”

“पुस्तकात आहे ना?”

“पुस्तकात आहे. इथे नाही दिसलं. तुम्ही बघता का?”

ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांना पुढच्या शाळेत जायचे होते. त्यांनी घाम पुसला आणि तिच्या चित्रावर लाल फुली मारली. मी हाताच्या अंतरावर होतो, मित्रांनो. आरसा उजेडाकडे होता, पापुद्रा काचेवर होता. नुसते वाकायचे होते.

अख्खा वर्ग त्या विषयात आपटला. पालकांची सभा झाली ती माझ्याच खोलीत. सगळे तावातावाने बोलत होते. शिंपी मात्र सर्वांत शेवटी उठला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, तुमचं खरं असेल हो. मला त्यातलं कळत नाही. पण माझी पोरगी ‘क’ तुकडीत गेली. घरी आल्यापासून बोलत नाही. आता तिला मी काय सांगू?”

मोठे सर खाली मान घालून बसले होते.

बाईंची बदली झाली. जायच्या दिवशी त्या माझी भिंगे रुमालाने पुसत होत्या, तेव्हा खोळंबा दारात आली. बाई म्हणाल्या, “हे बघ, फुली पडली तरी तुझं चित्र बरोबर होतं. दिसतं तेच काढत जा.”

“तुम्हाला काय, बाई,” ती म्हणाली, “तुम्ही चाललात. मला इथेच राहायचंय.”

एवढे बोलून ती गेली. बाईंनी उरलेले भिंग पुसून संपवले. मग त्यांनी मला पेटीत घातले आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागले.

मला त्या मुलीचा राग आला नाही आणि आजही येत नाही. पण काळजात जे मोडले ते मोडलेच.

कपाटात ओल होती. माझ्या भिंगांवर बुरशी धरली. ती बुरशी माझ्याखाली ठेवून पाहिली असती तर केवढा सुंदर तास झाला असता! पण बघणार कोण?

काही वर्षांनी कपाट एकदम उघडले. शाळेत पाहुणे येणार होते. ‘हसत खेळत, हाताने करत शिकणे’ असे काहीतरी नवे निघाले होते आणि आमच्या शाळेत ते चालते हे दाखवायचे होते. शिपाईमामांनी माझे पितळ राख लावून घासले, अगदी तोंड दिसेल इतके लखलखीत केले. भिंगांना कुणी हात लावला नाही. मला टेबलावर फुलदाणीशेजारी मांडले. आरसा खालीच वळलेला होता.

पाहुणे आले, फोटोवाला आला, रांग लागली. सगळ्यांत पुढे कुणाला उभे करायचे? अर्थात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला. एक डोळा माझ्यावर टेकला आणि मी त्याला ओळखले. ती खोळंबा होती. आता तिला कुणी त्या नावाने हाक मारत नव्हते. पुस्तकेच्या पुस्तके तोंडपाठ करून ती ‘अ’ तुकडीत परत आली होती.

तिला काळोख दिसला. तिला तो ओळखता आला, हे मला तिच्या डोळ्यात स्पष्ट दिसले. तिचे बोट हळूच आरशापर्यंत आलेसुद्धा. माझ्यात जीव असता तर मी ओरडलो असतो, फिरव गं, नुसता फिरव! पाहुणे कौतुकाने पुढे झुकले होते. फोटोवाला म्हणाला, “हां, अशीच राहा.”

तिने बोट मागे घेतले.

“दिसलं, सर,” ती म्हणाली. पाहुण्यांनी विचारले, “काय काय दिसलं, बाळ?” तिने मिटलेला दुसरा डोळाही न उघडता घडाघडा सांगितले. पेशी, पेशीभित्तिका, मध्ये ठळक केंद्रक. टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे सर रुमालाने डोळे पुसत होते. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

तिला माझ्याशेजारी उभे केले, बाकीच्यांना मदत करायला. मागे खालच्या वर्गातली एक चिमुरडी होती. ती टाचा उंचावून वाकली, बराच वेळ वाकून राहिली, मग बावरून वर पाहत म्हणाली, “ताई, मला काहीच दिसत नाहीये गं.”

खोळंबाने तिच्या पाठीवरून अगदी मायेने हात फिरवला आणि तिच्या कानाशी वाकली.

“दिसलं म्हण,” ती कुजबुजली, “आणि पुढे हो.”

चिमुरडी म्हणाली, “दिसलं,” आणि पुढे झाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. तेल घाला, पुसून ठेवा, फेकू नका. मला यातले काहीही नको. उद्या मला भंगारात घातले तरी माझी तक्रार नाही. माझे एवढेच मागणे आहे की, ज्याला दिसत नाही त्याला रांगेत उभे राहू द्या. मागच्यांनी थांबावे. तास वाया गेला तर जाऊ द्यावा. कुणीतरी खाली बसून त्या मुलाबरोबर उजेड शोधावा, आणि त्याला फुली पडली तर ती आपल्यालाच पडली असे मोठ्यांना वाटावे.

हे कुणी करील, असे मला आता वाटत नाही. आत्ताही तुम्ही माना डोलावत असाल, कळले, कळले म्हणत असाल. त्या डोलणाऱ्या मानांची मला फार भीती वाटते.